सोन्यावरचा थायॉलचा थर: पाच मिनिटं पुरतात की रात्र लागते?

ढगाळ_हवा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पीएचडी करते, पहिलंच वर्ष आहे. विषय इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर आधी सॅम चढवायचा, म्हणजे रेणू स्वतःहून रचले जाऊन तयार होणारा एकाच रेणूच्या जाडीचा थर, आणि मग त्यावर पुढचं सगळं बांधायचं. आमच्याकडची रीत ठरलेली आहे. काचेवर क्रोमियमचा पातळ हात, त्यावर सोनं, असे तुकडे. डोडेकेनथायॉलचं (बारा कार्बनची साखळी, एका टोकाला सोन्याला धरणारा गंधक) १ मिलिमोलर द्रावण इथेनॉलमध्ये करायचं, तुकडा त्यात सोडायचा, झाकण लावून रात्रभर ठेवायचा, सकाळी इथेनॉलने धुवून नायट्रोजनवर वाळवायचा.

परवा मी एक तुकडा पाच मिनिटांतच बाहेर काढला आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवून कॉन्टॅक्ट अँगल, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, पाहिला. १०८ अंश. रात्रभर ठेवलेल्या तुकड्याचा १११. आमच्या उपकरणावर दोन-तीन अंश तर असेच इकडेतिकडे होतात. म्हणजे थर पाच मिनिटांत झालाच की! मग उरलेले पंधरा तास काय घडतं? सीनियर म्हणतात, "सगळे असंच करतात." मला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही.

दुसरी गोष्ट. प्रत्येक रिव्ह्यूमध्ये तेच चित्र असतं, सगळ्या साखळ्या एकाच बाजूला ३० अंशांत कललेल्या. हा ३० कुठून आला? सरळ का उभ्या राहत नाहीत?

इथे रसायनातली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. कितीही सविस्तर लिहिलंत तरी वाचेन.

---

जुना_रसायनी | मंगळवार, सकाळी ७:०५

प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, तेव्हा सविस्तरच लिहितो.

तुमचं मोजमाप बरोबर आहे. फक्त पाण्याच्या थेंबाला थराचे अगदी वरचे काही अँगस्ट्रॉमच कळतात (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). तिथे मिथाइल गट आले की कोन ११० च्या आसपास जाणार. त्यांच्या खाली साखळ्या ताठ आहेत की मुडपलेल्या, मध्ये इथेनॉल अडकलंय का, कुठे उघडं सोनं राहिलंय का, यातलं थेंबाला फारच थोडं समजतं. उघड्या जागा बऱ्याच असतील तरच कोन खाली येतो.

१९८९ मध्ये हार्वर्डला बेन, व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. द्रावणात सोनं बुडवून वेळेनुसार जाडी आणि कॉन्टॅक्ट अँगल दोन्ही पाहिले. त्यांना दोन वेगळे टप्पे दिसले. १ मिलिमोलर द्रावणात पहिला टप्पा काही मिनिटांत उरकतो. कोन जवळजवळ शेवटच्या आकड्याला पोचतो आणि जाडी ८० ते ९० टक्के होते. दुसरा टप्पा कित्येक तासांचा, आणि राहिलेली जाडी त्यात भरून निघते. तुम्ही पाच मिनिटांनी काढलात तो पहिल्या टप्प्याचा शेवट.

आता दुसऱ्या टप्प्यात काय चालतं ते. गंधक आणि सोनं यांच्यातला बंध १ मोलमागे साधारण ४० ते ४५ किलोकॅलरीचा. कार्बन-कार्बन बंध सुमारे ८३ चा, म्हणजे त्याच्या निम्मा. घट्ट आहे, पण कायमचा नाही. शिवाय सोन्यावरून बाजूला सरकायला गंधकाला बंध पूर्ण तोडावा लागत नाही, त्याला फार कमी ऊर्जा पुरते. दुसरीकडे साखळीतला प्रत्येक सीएच-२ शेजारच्या साखळीला लगटला की १ ते दीड किलोकॅलरी मिळते. बारा कार्बनच्या साखळीत हे दहा-पंधरावर जातं. त्यामुळे पहिल्या गर्दीत जो रेणू जिथे पडेल तिथे चिकटतो, आणि नंतर सरकून, वाकून, प्रसंगी सुटून पुन्हा बसून शेजाऱ्यांना समांतर होतो. जशा साखळ्या आवळत जातात तशा फटी मोकळ्या होतात, त्यात द्रावणातले नवे रेणू शिरतात. सोन्यावर आधीपासून बसलेली हवेतली तेलकट घाणही याच काळात हुसकली जाते.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. थर इतका नीटनेटका होतो, कारण आधी चुकीचं बसलेलं उठवून नीट बसवायची सोय त्या बंधातच आहे. रात्र लागते ती या दुरुस्तीला.

तुमच्याकडे तिरप्या कोनातून सोन्यावर परावर्तन घेणारं इन्फ्रारेड असेल, तर दोन्ही तुकडे त्यावर लावा. सीएच-२ चा असममित ताण, म्हणजे त्यातले बंध लांबण्या-आखडण्याचं कंपन, पाहा. साखळ्या स्फटिकासारख्या ताठ असतील तर पीक २९१८-२९२० सेमी⁻¹ ला येतं. द्रवासारख्या सैल असतील तर २९२४ च्या वर सरकतं. थेंबाला न दिसणारी गोष्ट तिथे स्वच्छ दिसेल.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ११:२०

जुना_रसायनी सरांच्या प्रतिसादाला एक हिशोब जोडतो. रेणू सोन्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो का, ही शंका आधी बाजूला काढू.

सोन्यावर पूर्ण थरात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४.६ × १०^१४ रेणू बसतात. १ मिलिमोलर द्रावणात दर घन सेंटीमीटरला ६ × १०^१७ रेणू आहेत. भागाकार केला तर सोन्याला लागून असलेल्या जेमतेम ८ मायक्रोमीटर जाडीच्या द्रावणात थराला पुरतील इतके रेणू आधीच आहेत. एवढं अंतर विसरणाने (डिफ्यूजनने) पार करायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत पुरवठा हा अडथळाच नाही.

हेच द्रावण १ मायक्रोमोलर केलं तर ८ मायक्रोमीटरचे ८ मिलिमीटर होतात. विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, तेव्हा न ढवळता रेणू पोचायलाच पंधरा-सोळा तास लागतील. काही पेपरमध्ये पातळ द्रावण आणि भलामोठा वेळ दिलेला असतो, तिथे तो वेळ पोचण्याचा असतो. तुमचा वेळ रचनेचा आहे. बाहेरून दोन्ही सारखेच "रात्रभर" दिसतात, आत घडतं ते अगदी वेगळं.

---

तिरकी_रेघ | मंगळवार, दुपारी १:१५

३० अंशांचं मी सांगते, कारण हे कागदावर काढता येतं आणि काढून पाहावंच असं आहे.

सोन्याच्या १११ पृष्ठभागावर (हे स्फटिकाच्या सर्वांत दाट रचलेल्या पृष्ठभागाचं नाव) शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर २.८८ अँगस्ट्रॉम. गंधक प्रत्येक अणूवर बसत नाही. तो एक मोठं षट्कोनी जाळं धरतो, त्यातलं अंतर २.८८ गुणिले ३ चं वर्गमूळ, म्हणजे ४.९९ अँगस्ट्रॉम. त्या जाळ्यात एका रेणूच्या वाट्याला येणारी जागा: ४.९९ चा वर्ग गुणिले ०.८६६, साधारण २१.६ चौरस अँगस्ट्रॉम. (वर आकडेमोड यांनी घेतलेला ४.६ × १०^१४ हा आकडा इथूनच निघतो.)

आता हायड्रोकार्बनची ताठ साखळी आडवी कापली तर तिचा छेद सुमारे १८.५ चौरस अँगस्ट्रॉम. म्हणजे पायाखाली जागा २१.६ ची आणि अंगाची जाडी १८.५ ची. सरळ उभं राहिलं तर साखळ्यांमध्ये पोकळी राहते आणि शेजाऱ्याशी लगटून मिळणारी ऊर्जा वाया जाते. सगळ्या मिळून कलल्या की ती पोकळी बुजते. किती कलायचं? १८.५ भागिले २१.६ म्हणजे ०.८५६. ज्या कोनाची कोसाइन ०.८५६ आहे तो ३१ अंश. झालं!

म्हणजे पायातलं अंतर सोनं आणि गंधक ठरवतात, आणि त्या अंतरात कसं राहायचं ते साखळ्या ठरवतात. चांदीवर गंधक जास्त दाट बसतो, एकाच्या वाट्याला १९ च्या आसपासच जागा येते, म्हणून तिथे साखळ्या जवळजवळ उभ्या असतात, १०-१२ अंशांच्या कलाने. धातू बदलला की त्याच रेणूची ठेवण बदलते.

आणि पुस्तकातल्या चित्राबद्दल एक सांगते. सगळ्या साखळ्या एकाच दिशेला कललेल्या दाखवतात ते एका तुकडीपुरतं खरं आहे. पृष्ठभागावर जागोजाग वेगवेगळ्या तुकड्या सुरू होतात आणि प्रत्येकीची कलण्याची दिशा वेगळी असू शकते. वाऱ्यापावसाने भाताचं शेत लोळतं तेव्हा एक पट्टा पूर्वेला आणि शेजारचा दक्षिणेला झोपलेला असतो, तसं. तुकड्यांच्या सीमेवर साखळ्या नीट लगटत नाहीत. सेन्सरमध्ये आयन नको तिथून आत शिरतात ते बऱ्याचदा याच सीमांवरून.

---

ढगाळ_हवा | मंगळवार, दुपारी २:०५

तिरकी_रेघ ताई, हे मी आत्ता वहीत काढून पाहिलं. ३१ आलं! इतक्या साध्या भूमितीतून येतं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सर, एक विचारू? पहिल्या काही सेकंदांत रेणू पडतात तेव्हा ते सरळ उभेच बसतात का?

---

पायरी_पायरीने | मंगळवार, सायंकाळी ६:३०

नाही, आधी आडवे पडतात. हे सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. पॉइरिये आणि पायलंट यांनी १९९६ मध्ये निर्वात पेटीत, सोन्याच्या १११ पृष्ठभागावर, स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली थायॉल थोडा थोडा सोडत हा क्रम टिपला.

सुरुवातीला रेणू इतके विरळ असतात की इकडेतिकडे फिरतच राहतात. संख्या वाढली की पट्टे दिसू लागतात. साखळ्या सोन्यावर सपाट आडव्या, रांगेत, गंधकाकडची डोकी समोरासमोर. पृष्ठभाग या आडव्या रेणूंनी भरला, तरी वरून आणखी रेणू येतच असतात. मग कुठेतरी, बहुधा पट्ट्यांच्या कडेला किंवा दोषाच्या जागी, काही रेणू मिळून उभे राहतात. उभ्यांचं एक बेट तयार होतं आणि ते आडव्यांना खात पसरत जातं. एकेकटा रेणू उभा राहून टिकत नाही, कारण त्याला टेकायला शेजारी नसतो.

द्रावणात हे सगळं इतक्या झपाट्याने होतं की आडवा टप्पा वेगळा पकडणं अवघड जातं. क्रम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक. सोनं यात गप्प बसलेलं नसतं. स्वच्छ सोन्याच्या १११ पृष्ठभागावर वरच्या थरात मुळातच दाटी असते, खालच्या थरातल्या २२ जागांवर वरचे २३ अणू. थायॉल आला की ही दाटी मोडते, अणू उपसले जातात, आणि थर पूर्ण झाल्यावर चित्रात छोटे काळे खड्डे दिसतात. आधी लोकांना वाटायचं की थरातच भोकं राहिली. मोजल्यावर खोली २.४ अँगस्ट्रॉम निघाली, म्हणजे बरोबर सोन्याच्या एका अणूची पायरी. खड्डा सोन्यात आहे, आणि त्याच्या तळाशीही थायॉल नीट बसलेला आहे. गंधक सपाट सोन्यावर बसतो की उपसलेला एखादा अणू मध्ये धरून, यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. २००६ मध्ये मॅक्सिमोविच, सोरेस्कू आणि येट्स यांनी मिथाइल थायॉलसाठी दाखवलं की सोन्याचा एक सुटा अणू दोन गंधकांच्या मध्ये पुलासारखा असतो. लांब साखळ्यांच्या बाबतीत चर्चा अजून संपलेली नाही. माझा स्वतःचा कल सुट्या अणूकडे आहे, कारण खड्ड्यांचं स्पष्टीकरण त्यातून आपोआप मिळतं.

---

पैंजणवाला | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार. आमचा हुपरीला चांदीचा धंदा आहे. तुमच्यातलं सगळं समजलं असं नाही, पण चांदीवर हाच गंधकाचा रेणू बसतो हे वाचून थांबलो. चांदी काळी पडते ती गंधकामुळेच ना? मग हा थर चांदी काळी करेल की वाचवेल? शोकेसमधला माल पावसाळ्यात फार लवकर पिवळट पडतो. दरवेळी पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिशमध्ये माल झिजतो.

---

जुना_रसायनी | बुधवार, सकाळी ६:५०

पैंजणवाले, तुमची शंका अगदी रास्त आहे. दोन्हीकडे गंधकच, पण त्याच्या मागे काय जोडलंय यावर सगळं अवलंबून आहे.

हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडचा गंधक मोकळा असतो. तो चांदीशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड करतो, आणि ते वाढतच जातं, थरावर थर. थायॉलमधल्या गंधकाला मागे लांब साखळी असते. तो चांदीला धरतो, साखळ्या वर उभ्या राहतात, आणि एक थर पुरा झाला की काम थांबतं. वर आता मेणासारखी पाठ आहे, पाणी आणि वायू आत शिरायला वाट कमी. लायबिनिस आणि व्हाइटसाइड्स यांनी १९९२ मध्ये तांब्यावर हे तपासलं. थायॉलच्या थराने तांबं गंजण्याचा वेग मंदावतो, आणि साखळी जितकी लांब तितकं संरक्षण चांगलं. चांदी न काळवंडू देणाऱ्या काही तयार पॉलिशमध्येही अशीच लांब साखळीची गंधकयुक्त रसायनं असतात.

पण मर्यादाही सांगतो. अठरा कार्बनची साखळी घेतली तरी थर दोन-अडीच नॅनोमीटरचा. पायात घालायचं पैंजण घासतं, घामाला लागतं, तिथे तो टिकणार नाही. शोकेसमध्ये ठेवलेल्या मालाला मात्र उपयोग होऊ शकतो. स्वतः रसायन आणून प्रयोग करू नका. छोट्या साखळीच्या थायॉलचा वास असह्य असतो, गॅस सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून मिसळतात तो याच कुटुंबातला. तयार पॉलिश घ्या, आणि आधी एकाच नगावर लावून पावसाळाभर तसंच ठेवा, शेजारी न लावलेला नग ठेवा. दोन्ही नगांचे फोटो इथे टाकलेत तर आम्हा सगळ्यांना शिकायला मिळेल.

---

पैंजणवाला | बुधवार, सकाळी ८:३०

हे नक्की करतो सर. आभारी आहे.

---

काचेची_बरणी | बुधवार, सकाळी १०:४५

धाग्यात थायॉलच चाललंय, थोडा इतिहास घालते, कारण या विषयाची सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली आणि ते नाव मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२, राहायला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला. त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. घरातलं सगळं करता करता पाण्यावर तेलकट पदार्थ कसे पसरतात हे तिच्या डोळ्यात भरलं. तिने पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या उथळ पात्रावर एक सरकती पट्टी बसवली. पट्टी सरकवून तेलाला मिळणारी जागा कमी-जास्त करायची आणि पृष्ठताण मोजायचा. १८९१ मध्ये तिने हे लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं. त्यांनी ते आपल्या शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवलं आणि तिथे छापून आलं. पुढे लँगम्युअरने जे पात्र वापरलं त्याचं मूळ तिथे आहे. लँगम्युअरला १९३२ चं नोबेल मिळालं. कॅथरीन ब्लॉजेटने त्याच्याच प्रयोगशाळेत पाण्यावरचे थर काचेवर एकावर एक उचलून घेण्याची पद्धत बसवली आणि १९३८ मध्ये चकाकी नसलेली काच करून दाखवली.

पण त्या पद्धतीत रेणूंना बाहेरून पट्टीने दाबावं लागतं. नुसत्या द्रावणात बुडवून थर आपसूक बसतो, हे १९४६ मध्ये बिगेलो, पिकेट आणि झिस्मन यांनी दाखवलं. काच किंवा प्लॅटिनम लांब साखळीच्या अल्कोहोलच्या तेलातल्या द्रावणात बुडवून काढलं, तर ते कोरडंच बाहेर यायचं, त्याला तेलही लागायचं नाही! त्यानंतर सागिव्ह यांचं काचेवरचं सिलेनचं (सिलिकॉनचं टोक असलेल्या रेणूंचं) काम १९८० चं, आणि बेल लॅब्जमध्ये नुझो व अल्लारा यांनी सोन्यावर डायसल्फाइड (दोन गंधक एकमेकांना जोडलेला रेणू) बसवलं ते १९८३ चं. तुम्ही पुण्यात आहात, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या चाकी आणि विजयमोहनन यांचा २००२ चा लेखही वाचा, जैवसंवेदकांसाठी हे थर कसे वापरता येतात यावर आहे. तुमच्याच विषयाचा.

---

पिवळा_दिवा | बुधवार, दुपारी ४:२०

मी ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात आहे, आणि इथे थोडा वेगळा सूर लावतो. दुरुस्तीला रात्र लागते हे मान्य, पण प्रत्येक कामाला ती दुरुस्ती लागतेच असं नाही.

१९९३ मध्ये कुमार आणि व्हाइटसाइड्स यांनी सिलिकोन रबराच्या शिक्क्याला थायॉलची शाई लावून सोन्यावर ठसा उमटवला. शिक्का काही सेकंद टेकवायचा. मग तुकडा सोनं विरघळवणाऱ्या द्रावणात टाकायचा. ठसा असतो तिथलं सोनं राहतं, बाकीचं जातं. सेकंदांचा थर तिथे पुरेसा होता.

आमच्याकडे सिलिकॉन वेफरवर फोटोरेझिस्ट (प्रकाशाने नक्षी उमटवायचा लेप) लावण्याआधी एचएमडीएसची (हेक्सामिथाइलडायसिलाझेनची) वाफ देतात, गरम तबकावर, मिनिटाभराचं काम. पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागी छोटे ट्रायमिथाइलसिलिल गट बसतात, वेफर पाणी धरत नाही, रेझिस्ट चिकटतो. त्यात साखळी नाही, कल नाही, स्फटिकी रचना नाही. तरीही रोज लाखो वेफरचं काम त्यावर चालतं. म्हणून ढगाळ_हवा यांनी आधी ठरवावं की थराकडून नक्की काय हवंय. सवय म्हणून रात्रभर ठेवणं मला पटत नाही.

---

जुना_रसायनी | बुधवार, रात्री ८:१५

पिवळा_दिवा, मुद्दा मान्य. मात्र शिक्क्याच्या उदाहरणात एक फरक आहे. शाई द्रावणापेक्षा कितीतरी दाट असते आणि रबर सोन्याला थेट टेकलेलं असतं, त्यामुळे पहिला टप्पा फारच जोरात होतो. शिवाय तिथली परीक्षा म्हणजे सोनं काही मिनिटं विरघळू नये, एवढीच. थोडी भोकं असली तरी नक्षी वाचता येते.

यांचं काम सेन्सरचं आहे. तिथे प्रत्येक भोकातून विद्युतप्रवाह गळतो, आणि तोच प्रवाह मोजायचा असतो. म्हणून यांच्यासाठी मी रात्रीच्या बाजूने आहे. पण कारण माहीत करून घेऊन रात्र द्यावी, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

---

दमट_खोली | गुरुवार, सकाळी ९:३०

मी मुंबईत सिलेनवर काम करतो, आणि आमची गोष्ट थायॉलच्या अगदी उलट आहे.

ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन काचेवर किंवा सिलिकॉनवर बसवायचं. त्याला पाणी लागतं आणि पाणीच नकोही असतं. पृष्ठभागावर पाण्याची अगदी पातळ साय हवी, त्यावर क्लोरीन निघून हायड्रॉक्सिल येतात आणि मग रेणू काचेशी आणि शेजाऱ्यांशी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधाने जोडले जातात. पण द्रावक म्हणून घेतलेल्या टोल्युइनमध्ये पाणी जास्त झालं तर रेणू द्रावणातच एकमेकांना जोडले जातात आणि पांढरे कण होऊन काचेवर बसतात. जुलैत बाटली उघडी राहिली की द्रावण डोळ्यांदेखत गढूळ होतं. आम्ही ग्लोव्हबॉक्समध्ये करतो, नाहीतर नायट्रोजनच्या प्रवाहात.

दुसरी अडचण तापमानाची. या रेणूसाठी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास एक उंबरठा सांगितलेला आहे. त्याखाली दाट, नीट रचलेली बेटं वाढतात. त्यावर थर सैल होतो. मुंबईतली खोली एप्रिल-मेमध्ये ३२ वर असते! आम्ही बीकर थंड पाण्याच्या टबमध्ये ठेवू लागलो तेव्हाच थर एकसारखे यायला लागले.

आणि मुख्य फरक: इथे दुरुस्ती नाही. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध एकदा झाला की सुटत नाही. रात्रभर ठेवून काही सुधारत नाही, उलट कण वाढतात. त्यामुळे थायॉलची सवय घेऊन सिलेनकडे आलेल्यांनी हे आधी मनातून काढून टाकावं. मोबदला म्हणजे थर दणकट होतो. थायॉलचा थर हवेतल्या ओझोनने काही दिवसांत खराब होऊ लागतो, सिलेनचा कित्येक महिने टिकतो.

---

ढगाळ_हवा | गुरुवार, दुपारी १२:१०

म्हणजे सॅम हे एकच नाव, पण आतून दोन वेगळ्या प्रक्रिया! माझ्या पुढच्या वर्षाच्या कामात सिलेनही आहे, त्यामुळे हे फार वेळेवर कळलं.

सोनं साफ करण्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे पिरान्हा वापरतात.

---

दमट_खोली | गुरुवार, दुपारी १:००

पिरान्हा, म्हणजे तीन भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड, काळजीपूर्वकच. आम्लात पेरॉक्साइड हळूहळू घालायचं, उलट कधीच नाही. ॲसिटोन किंवा इथेनॉलचा थेंबही जवळ नको, स्फोट होतो. तुकडा ॲसिटोनने धुतला असेल तर पूर्ण कोरडा करूनच टाका. वापरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नका, वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. फ्यूम हूड, चेहऱ्याची ढाल, जाड हातमोजे, आणि एकटं असताना करायचं नाही.

पर्याय असेल तर यूव्ही-ओझोन वापरा आणि नंतर इथेनॉलमध्ये बुडवून ठेवा, म्हणजे तयार झालेला सोन्याचा ऑक्साइड निघून जाईल. साफ केल्यावर सोनं हवेत ठेवू नका. स्वच्छ सोन्यावर पाणी पसरतं. काही मिनिटं हवेत राहिलं की थेंब उभा राहू लागतो, तेवढ्यात हवेतला तेलकटपणा बसलेला असतो. साफ झालं की थेट थायॉलमध्ये.

---

उन्हाची_तिरीप | गुरुवार, रात्री १०:२०

सौर घटांवर काम करते, म्हणून एक भर. हे थर आता आमच्याकडेही आले आहेत. पेरोव्स्काइट (एका खास स्फटिकरचनेचा पदार्थ) घटात धन प्रभार गोळा करायला आधी पॉलिमरचा जाड थर वापरायचे. काउनासच्या तंत्रविद्यापीठाने आणि बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने त्याऐवजी कार्बाझोलला फॉस्फॉनिक आम्लाचं टोक जोडलेले रेणू वापरले, इंडियम टिन ऑक्साइडवर. २०२० मध्ये अशाच थरावर बसवलेल्या पेरोव्स्काइट-सिलिकॉन जोडघटाने २९.१५ टक्के कार्यक्षमता दिली.

आमचा रोजचा झगडा तुमच्यासारखाच आहे. ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल गट किती आणि कुठे यावर थर ठरतो, आणि तो बऱ्याचदा सलग नसतोच, मध्ये उघड्या जागा आणि कुठे रेणूंचे ढीग. धुणं नीट केलं नाही तर ढीग तसेच राहतात. पॉलिमरच्या जाड थरात असले दोष झाकले जायचे. एका रेणूच्या थरात झाकायला काही उरत नाही.

---

ढगाळ_हवा | रविवार, सायंकाळी ५:४५

मंडळी, इन्फ्रारेड मिळालं. शेजारच्या विभागात तिरप्या कोनाची जोडणी होती.

पाच मिनिटांच्या तुकड्यावर सीएच-२ चं असममित पीक २९२३ ला, रुंद. रात्रभराच्या तुकड्यावर २९१९ ला, अरुंद आणि उंच. कॉन्टॅक्ट अँगलमध्ये तीन अंशांचाच फरक असलेले हेच ते दोन तुकडे! मध्ये एक तासाचाही ठेवला होता, तो २९२१ ला आला. सीनियरना दाखवलं, त्यांनी स्पेक्ट्रम मागून घेतला.

आता फेरीसायनाइडमध्ये तिन्ही तुकडे लावून गळणारा प्रवाह पाहणार आहे, त्याचे आयन फटींतून सोन्यापर्यंत पोचले की प्रवाह वाहतो. सर, अजून काही करावं का?

---

जुना_रसायनी | रविवार, रात्री ८:००

फार छान. एकाच बॅचच्या सोन्यावर तिन्ही वेळा घेतल्या हे विशेष आवडलं.

फेरीसायनाइडनंतर तसेच ताजे तुकडे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्या आणि विभव ऋण बाजूला नेत थायॉल सोलून काढा. प्रत्येक रेणूमागे एक इलेक्ट्रॉन लागतो, तेव्हा पूर्ण थराला ४.६ × १०^१४ गुणिले १.६ × १०^-१९, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ७४ मायक्रोकुलोंब. तुमचा आकडा यापेक्षा जास्त येईल, कारण थर निघताना पृष्ठभागावरचा दुहेरी विद्युतथरही भारित होतो आणि सोनं खडबडीत असतं. म्हणून ७४ शी तुलना करू नका, तिन्ही तुकड्यांची आपसात करा. पाच मिनिटांच्या आणि रात्रीच्या तुकड्यात प्रभार जवळपास सारखा आला, तर समजा की रेणू आधीच पोचले होते आणि रात्रीत फक्त रचना सुधारली. पाच मिनिटांचा प्रभार बराच कमी आला, तर फटींमध्ये नवे रेणूही शिरले.

द्रावणातून आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढा, नाहीतर त्याचाच प्रवाह मिसळेल.

---

आकडेमोड | रविवार, रात्री ८:२५

आणि सोन्याचा खरा पृष्ठभाग वेगळा मोजा, सल्फ्युरिक आम्लात ऑक्साइडचं पीक घेऊन. त्याने भागल्याशिवाय दोन तुकड्यांचे प्रभार शेजारी ठेवता येणार नाहीत. कच्चे आकडे इथे टाकलेत तर मी ग्राफ काढून देतो.

---

ढगाळ_हवा | रविवार, रात्री ८:५०

मंगळवारी पोटेन्शिओस्टॅटची (विभव धरून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राची) वेळ मिळाली आहे. तिन्ही तुकडे उद्या संध्याकाळी द्रावणात सोडते आणि आकडे आले की याच धाग्यात टाकते.